वाळवंटातली ट्रायथलॉन: आधी आपला माठ ओळखा

मी मूळचा सोलापूरचा. मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर पतंग उडवत लहानपण गेलं, त्यामुळे नोकरीसाठी दुबईत आल्यावर बहारीनच्या हाफ आयर्नमॅनला (पोहणं, सायकल, धावणं सलग करायची शर्यत) नाव दिलं तेव्हा सगळ्यांना एकच सांगत होतो, उन्हाचं आम्हाला काय सांगता राव. ही मस्ती ऑगस्टमधल्या एका सकाळी अल कुद्राच्या सायकल ट्रॅकवर उतरली. पहाटे चारला निघालो होतो, आठ वाजता दोन्ही बाटल्या रिकाम्या, गाडी अजून बारा किलोमीटर लांब, अंग कोरडं ठणठणीत आणि हातावर चक्क काटा आला होता. चाळीस डिग्रीत थंडी वाजतेय म्हणजे काहीतरी बिनसलंय एवढं कळलं आणि एका घाफच्या झाडाखाली बसून मित्राला फोन केला. चूक पूर्ण माझी होती, घामच येत नाहीये म्हणजे आपण मस्त चाललोय असं मला वाटत होतं.

तर त्यानंतर गल्फमध्ये दोन हाफ केल्या, एक बहारीन आणि एक मस्कत, आणि इकडे यायचं म्हणून कोल्हापूर-पुण्याची पोरं नेहमी विचारतात की तयारी कशी करायची, त्यांच्यासाठी हे सगळं एकदाच लिहून काढतोय.

आधी अंतर आणि वेळ

हाफ म्हणजे ७०.३ (एकूण अंतर, मैलांत): पोहणं १.९ किमी, सायकल ९० किमी, धावणं २१.१ किमी. फुल म्हणजे बरोब्बर दुप्पट, ३.८, १८०, ४२.२. हाफला साधारण साडेआठ तास मिळतात (पोहायला १ तास १० मिनिटं, आणि सुरुवातीपासून साडेपाच तासांत सायकल संपवायची), फुलला १७ तास. शर्यतीप्रमाणे यात थोडा फरक पडतो, अॅथलीट गाइड नीट वाचा, ती पीडीएफ कोणीच वाचत नाही आणि मग रेसच्या आदल्या रात्री ग्रुपवर प्रश्न विचारत बसतात.

गल्फमधल्या बहुतेक शर्यती थंडीत होतात, कारण उन्हाळ्यात इथे शर्यत घेणं म्हणजे गुन्हाच. युएईत तर १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन बाहेर उन्हात काम करायलाच कायद्याने बंदी आहे. बहारीनची शर्यत वर्षाच्या शेवटी असते, मस्कतची फेब्रुवारीत झालेली आहे. त्यामुळे हवामानाच्या अॅपवर आकडा दिसतो २५-२८ आणि आपले लोक हसतात, हे तर पुण्यातलं डिसेंबर झालं म्हणे. पण तो आकडा सावलीतला असतो आणि कोर्सवर सावली नावाला नसते, वर ऊन, खाली डांबर, बाजूला वाळू नाहीतर खडक, आणि तुम्ही त्यात पाच-सात तास इंजिन चालू ठेवून बसलेले. शिवाय डिसेंबरच्या शर्यतीची तयारी जुलै-ऑगस्टमध्ये करावी लागते, म्हणजे इथे राहणाऱ्यांसाठी खरा धोका शर्यतीत कमी आणि सरावात जास्त.

माठाचं गणित

हे नीट समजून घ्या, बाकी सगळं यावरच उभं आहे. सायकल मारताना आपण जेवढी ऊर्जा जाळतो त्यातली जेमतेम २०-२५ टक्के पेडलला जाते, उरलेली उष्णता म्हणून अंगातच राहते. ती बाहेर टाकायचा मुख्य रस्ता म्हणजे घाम, आणि घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो उडून गेला पाहिजे. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे आपण माठच आहोत. सोलापुरात कोरड्या हवेत माठातलं पाणी बर्फासारखं गार होतं, तोच माठ पावसाळ्यात मुंबईला ठेवा, पाणी कोमट ते कोमटच, वर माठ बाहेरून ओला.

आता गल्फच्या शर्यतीची गंमत ही की एकाच दिवसात दोन्ही हवामानं भेटतात. सायकल शहराबाहेर, वाळवंटाच्या बाजूला जाते, तिथे हवा कोरडी आणि वरून तुमचा स्वतःचा ताशी ३० किमीचा वारा. माठ एकदम झकास चालतो, गार वाटतं, पण तो गुपचूप रिकामा होत असतो आणि घाम अंगावर दिसतच नाही. मग धावायला परत समुद्राकाठी येता, हवा दमट, वारा नाही, वेग ताशी दहा, आणि आता घाम नुसता ओघळतोय, उडत नाहीये. अर्धा रिकामा माठ आणि तोही न चालणारा. म्हणूनच इथे लोक सायकल भारी मारतात आणि हाफ मॅरेथॉनच्या आठव्या-नवव्या किलोमीटरला फुटपाथवर बसलेले दिसतात. थोडक्यात सायकलवर आतून भरत राहायचं आणि रनमध्ये बाहेरून गार करायचं.

शरीराला सवय लावणं

उन्हाची सवय लागायला साधारण १० ते १४ दिवस लागतात, रोज ६० ते ९० मिनिटं हलका व्यायाम, अंग तापून घाम फुटेल असा. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातला द्रवभाग वाढतो, त्यामुळे तेवढ्याच पेसला हार्ट रेट खाली येतो, मग घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जायला लागतं. सोडून दिलं की आठवड्या-दोन आठवड्यांत बराचसा फायदा निघूनही जातो, त्यामुळे ऑक्टोबर हीटमध्ये केलेली मेहनत डिसेंबरला कामाला येईल या भ्रमात राहू नका.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी काय करावं, तर शर्यतीच्या तीन आठवडे आधी चालू करा. टर्बो ट्रेनर (सायकल जागेवरच चालवायचं स्टँड) बंद खोलीत, पंखा बंद, जाकीट घालून ४५ मिनिटं, पण जोर नाही लावायचा, आरामात. बायको विचारेल काय वेड लागलंय का, तर हो म्हणायचं. किंवा रोजचा सराव झाल्यावर लगेच ४० डिग्रीच्या पाण्यात गळ्यापर्यंत अर्धा तास बसायचं, टब नसेल तर जिममधलं सॉना १५-२० मिनिटं. घरात दुसरं कोणीतरी असू द्या, उठताना चक्कर येते. बीपी, हृदयाचा काही त्रास, किंवा रोजच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, यात हिरोगिरी नको. आणि जमलं तर शर्यतीच्या ठिकाणी चार-पाच दिवस आधी पोचा. दहा दिवस मिळाले तर उत्तमच पण एवढी रजा देणारा साहेब मला अजून भेटलेला नाही.

इथेच राहणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट, तुम्हाला सवय आपोआप लागते असं समजू नका, आपण एसी घर, एसी गाडी, एसी ऑफिस असे फिरतो. उन्हाळ्यात लांब राइड पहाटे तीन-चारला सुरू करून सातच्या आत गाडीत, नाहीतर रात्री नाद अल शेबाच्या दिव्यांच्या ट्रॅकवर. ऑगस्टमध्ये समुद्राचं पाणी ३२ च्या वर जातं, अंघोळीचं पाणी वाटतं, तेव्हा पोहणं पूलमध्येच बरं. एकटं जायचं नाही, हे मी झाडाखाली बसून शिकलोय.

घामाची टेस्ट

काही लॅब वगैरे लागत नाही, वजनकाटा पुरे. राइडच्या आधी कपडे काढून वजन करा, तासभर शर्यतीच्या जोराने चालवा, अंग पुसून परत वजन करा, मधे किती प्यायलात ते त्यात मिळवा. माझं उदाहरण, आधी ७२.०, नंतर ७१.१, मधे ७०० मिली प्यायलो, म्हणजे तासाला १.६ लिटर घाम. माणसामाणसात प्रचंड फरक असतो, कोणाचा अर्धा लिटर तर कोणाचा दोनच्या वर, म्हणून मित्राचा प्लॅन कॉपी मारू नका. किमान तीनदा करा, एकदा कोरड्या हवेत, एकदा दमट हवेत, एकदा धावताना.

गेलेलं सगळं पाणी भरून काढायचं नसतं आणि निघतही नाही, पोट तासाला ८०० मिली ते एक लिटरच्या पुढे साथ देत नाही. वजन दोन-तीन टक्के कमी होऊन शर्यत संपली तरी चालतं. उलट नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते डिहायड्रेशनपेक्षा भयंकर, माणूस बेशुद्ध पडतो. शर्यतीनंतर वजन वाढलेलं दिसलं तर समजा तुम्ही जास्त प्यायलात.

मिठाचं म्हणाल तर एक लिटर घामात सरासरी हजारेक मिलिग्रॅम सोडियम जातं, कोणाचं २०० तर कोणाचं २००० सुद्धा. ट्रायसूट (तिन्ही प्रकारांना चालणारा अंगाला चिकटणारा पोशाख) वाळल्यावर त्यावर पांढरे नकाशे उमटत असतील, टोपीची कड पांढरी होत असेल तर तुम्ही खारट पार्टी आहात. तासाला ५०० ते १००० मिलिग्रॅम सोडियम धरून चाला. एक ग्रॅम साध्या मिठात जवळपास ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे महागडी कॅप्सूल नसेल तर लिंबू, मीठ आणि साखर जिंदाबाद. आपल्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ओआरएसच्या पुडीत, म्हणजे डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्याच्या, लिटरमागे साधारण १७०० मिलिग्रॅम सोडियम असतं पण ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम. त्यामुळे मिठाची गरज भागते, पोटाची नाही.

पोटासाठी तासाला ६० ते ९० ग्रॅम कार्ब्स, जेल, ड्रिंक, खजूर, जे पचेल ते. पण उन्हात रक्त कातडीकडे पळतं आणि पोटाला कमी मिळतं, त्यामुळे पुण्यात ९० ग्रॅम पचवणारा इथे ७० ला ओकतो. सरावात उन्हातच खाऊन बघा. चॉकलेट लावलेले बार आणू नका, त्याचा चिखल होतो. चिक्की चालते.

आणि हो, एक भलतीच सूचना: आईने प्रेमाने दिलेले डिंकाचे लाडू बॅगेत टाकण्याआधी त्यात खसखस आहे का विचारा. युएईत खसखस ड्रग्जमध्ये मोडते, एअरपोर्टवर जाम प्रॉब्लेम होऊ शकतो. औषधांचंही तेच, कोडीनवालं खोकल्याचं सिरप किंवा ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या नको, आणि जी औषधं लागतातच त्यांचे नियम आधी बघून प्रिस्क्रिप्शन सोबत ठेवा.

सायकल आणि सामान

वाळू हा सगळ्यात मोठा शत्रू. चेनला ओलं तेल लावलंत की वाळू चिकटून त्याचं पॉलिश पेपर होतं, त्यापेक्षा वॅक्स लावा नाहीतर कोरडं ल्यूब. रस्त्यावर वळणांवर वाळूचा थर असतो, लांबून दिसत नाही, त्यावर ब्रेक मारलात की गेलात, वळणाच्या आधीच वेग कमी करा. वारा दुपारकडे वाढतो, वायव्येकडून येणाऱ्याला इथे शमाल म्हणतात, त्यात पुढच्या चाकाची रिम खोल असेल तर सायकल पतंगासारखी ओढते. माझं वजन ७२ आहे तरी मी पुढे ५० मिमीच्या वर जात नाही, ८० मिमीवाल्यांचे फोटो चांगले येतात हे मात्र खरं.

टायरची हवा, हे लक्षात ठेवाच. सायकल आदल्या दिवशी ट्रान्झिशनमध्ये (पोहणं-सायकल-धावणं यांच्यामधे सामान बदलायची जागा) ठेवावी लागते आणि ती दिवसभर उन्हात उभी असते. तापमान २० वरून ४० ला गेलं तर प्रेशर साधारण सात टक्के चढतं, आणि काळं टायर उन्हात याहून जास्त तापतं. संध्याकाळी ट्रान्झिशनमधून फाट फाट आवाज येतात ते ट्यूब फुटल्याचे असतात. रॅकवर लावताना हवा थोडी सोडून द्या आणि शर्यतीच्या पहाटे पंपाने भरा. हवेचं कार्ट्रिज विमानात बहुतेक नेऊ देत नाहीत, इथे उतरल्यावर दुकानातून घ्या. दोन ट्यूब ठेवा, एक नाही.

कपड्यांत पांढरे किंवा फिकट रंगाचे आर्म स्लीव्ह्ज, ओले करून घालायचे, कातडी उन्हात उघडी ठेवण्यापेक्षा हे गार पडतं. सनस्क्रीन पाण्यात टिकणारं, पण अंगावर नंबर लावून झाल्यावर चोपडा, आधी लावलंत तर नंबर चिकटत नाही. मानेमागे, कानांवर आणि पाठीवर जिथे ट्रायसूट संपतो तिथे विसरू नका, मी विसरलो होतो, आठवडाभर पालथा झोपलो. आणि ट्रायसूटवर हॉटेलपर्यंत तसंच चालत जाऊ नका, वरून टीशर्ट-शॉर्ट घाला, इथल्या लोकांचा मान ठेवायला हवा.

शर्यतीचा दिवस

पहाटे उठल्यावर ५०० मिली इलेक्ट्रोलाइट हळूहळू, आणि उभं राहायच्या आधी अर्ध्या तासात बर्फाचा चुरा घातलेलं गार सरबत, आपला बर्फाचा गोळा समजा, त्याने आतलं तापमान थोडं खाली येतं आणि तेवढी जागा पुढे तापायला मिळते.

पोहणं. वेटसूटचा (पोहताना घालायचा जाड रबरी पोशाख) नियम असा की पाणी २४.५ डिग्रीपर्यंत असेल तर परवानगी, त्यापुढे २८.८ पर्यंत घालू शकता पण बक्षिसाला पात्र नाही, त्याहून गरम पाण्यात वेटसूटला बंदी. थंडीत इथलं पाणी वीस-बावीस डिग्रीच्या आसपास असतं, त्यामुळे बऱ्याचदा वेटसूट चालतो, पण भरवसा धरू नका, ट्रायसूटवर १.९ किमीचा सराव ठेवाच. गल्फचं पाणी नेहमीच्या समुद्रापेक्षा खारट आहे, लिटरला ४० ग्रॅमच्या आसपास मीठ, त्यामुळे तरंगायला मस्त, पण मानेला आणि काखेत घासून सालटं निघतात, व्हॅसलीन भरपूर लावा. गॉगल आरसेवाले घ्या, सूर्य उगवताना पूर्वेकडे पोहत असाल तर वाट दाखवणारा तरंगता बॉय (बोया) दिसतच नाही. जेलीफिश असतात, चावलं तर चावलं, पुढे चला, श्वास कोंडल्यासारखं झालं तरच हात वर करा. बाहेर आल्यावर ट्रान्झिशनमध्ये आधी साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा, खाऱ्या तोंडाने जेल घेतलं की मळमळतं.

सायकल. पहिले दहा किलोमीटर हात आखडता ठेवा. पॉवर मीटर असेल तर हाफला नेहमी एफटीपीच्या (साधारण तासभर टिकवता येईल एवढी जास्तीत जास्त पॉवर) ७५-८० टक्क्यांवर चालवत असाल तर इथे पाच ते दहा टक्के कमी धरा, फुलला त्याहून खाली. हार्ट रेटची एक वरची मर्यादा ठरवून घ्या आणि वॅट कितीही कमी दिसले तरी ती ओलांडू नका. घड्याळात दर १२ मिनिटांनी अलार्म, वाजला की दोन-तीन मोठे घोट, तहान लागो न लागो, कारण कोरड्या हवेत मन सांगतं सगळं ठीक आहे. दोन बाटल्या आदल्या रात्री दोन-तृतीयांश भरून गोठवा, सकाळी वर पाणी घाला. एड स्टेशनवर (वाटेतलं पाणी-खाण्याचं टेबल) एक पाणी प्यायला आणि एक अंगावर ओतायला, मांड्या, पाठ, स्लीव्ह्ज. ओतायच्या बाटलीत चुकून एनर्जी ड्रिंक नाही ना बघा, चिकट मांड्यांनी २१ किमी पळालेला माणूस मी बघितलाय.

आणि वाऱ्याशी भांडू नका. जाताना पाठीवर वारा असेल तर ४० चा स्पीड बघून लोक नाचतात, परतताना रडतात. तोच रस्ता, तेच वॅट, एवढंच करायचं. पुढच्याच्या मागे लपणं पण चालत नाही, १२ मीटर अंतर ठेवावं लागतं आणि रेफ्री मोटरसायकलवर फिरत असतात, पाच मिनिटांची पेनल्टी. बहारीनचा रस्ता सपाट आणि वेगवान म्हणून प्रसिद्ध आहे, २०१९ साली नॉर्वेच्या क्रिस्टियान ब्लुमनफेल्टने तिथे अख्खी ७०.३ ३ तास २५ मिनिटांत संपवली होती, पुढे टोकियो ऑलिंपिकचं सुवर्णही त्यानेच घेतलं. पण तो तो आहे. मस्कतला डोंगर आहेत, चढावर वेग पडला की वाराही थांबतो आणि खडकांच्या झळा लागतात, तिथे गिअर हलका ठेवा.

रन. इथेच सगळा खेळ. पहिले तीन किलोमीटर मुद्दाम हळू, तुमच्या नेहमीच्या पेसपेक्षा किलोमीटरला २०-३० सेकंद जास्त घ्या, ती परत मिळतात, शेवटी सहा मिनिटं चालण्यापेक्षा हे स्वस्त. प्रत्येक एड स्टेशनला चाला, धावत धावत ग्लास तोंडावर रिकामा करण्यात शौर्य नाही. क्रम ठरवून ठेवा: बर्फ टोपीत, बर्फ छातीत ट्रायसूटच्या आत, एक तुकडा मुठीत, मग स्पंज मानेवर, मग दोन घोट. पाणी डोक्यावर ओतताना पुढे वाकून ओता, नाहीतर ते पाठीवरून पायात जातं, मोजे भिजतात आणि फोड येतात. कोला मिळतो, शेवटच्या सात-आठ किलोमीटरसाठी ठेवा, एकदा सुरू केला की प्रत्येक स्टेशनला घ्यावा लागतो.

ब्रुफेनसारखी गोळी खिशात ठेवून पळू नका, पाणी कमी असताना ती किडनीला धरते.

कधी थांबायचं

उन्हात काटा येणं, थंडी वाजणं, घाम अचानक बंद, डोकं ठणकणं, पावलं तिरकी पडणं, ही चिन्हं दिसली की चालायला लागा, सावली-बर्फ शोधा, दहा मिनिटांत सुधारलं नाही तर मेडिकलला सांगा. आणि दुसरा कोणी बरळताना, तुम्ही कुठे आहात विचारल्यावर भलतंच उत्तर देताना दिसला तर तुमची शर्यत सोडा आणि आरडाओरडा करून मदत बोलवा, तो उष्माघात असू शकतो, आतलं तापमान चाळीसच्या वर गेलेलं असतं. आधी जागेवर गार पाण्यात, बर्फात बुडवायचं आणि मग हॉस्पिटल, हाच क्रम. माझ्या आजीचा खिशात कांदा ठेवायचा उपाय मी पहिल्या रेसला भावनेपोटी केला होता, ट्रान्झिशन बॅगला आठवडाभर वास येत होता, बाकी काही झालं नाही.

फिनिश लाइननंतर

मेडल गळ्यात पडल्यावर लगेच आडवे होऊ नका, दहा मिनिटं चालत राहा, थांबलं की बीपी पडतं. पाणी एकदम नको, खारट काहीतरी खात हळूहळू. लघवीचा रंग चहासारखा दिसला किंवा संध्याकाळपर्यंत झालीच नाही तर डॉक्टर गाठा. आणि सायकल त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, कितीही कंटाळा आला तरी. घाम, समुद्र आणि सांडलेलं ड्रिंक तिन्ही मिळून हेडसेटच्या (हँडल जिथे वळतं त्या सांध्याच्या) बेअरिंगमध्ये उतरतात, मी पहिल्या वेळी तशीच बॉक्समध्ये भरून बेडखाली ढकलली, महिन्याने काढली तर हँडल वळेना, आणि बिल ऐकून दुकानदारालाच माझी दया आली.